तिथी बघा, मग मुरूडला निघा

७ सप्टेंबर २०२५ हा दिवस लालबागमध्ये कुणी विसरेल असं वाटत नाही. रात्रभराची मिरवणूक करून लालबागचा राजा, आमचा गणपती, सकाळी गिरगाव चौपाटीवर पोहोचला आणि तिथेच पाण्यात थांबला. भरती चढत होती, मूर्ती तराफ्यावर घेता येत नव्हती. आमच्या मजल्यावरची सगळी दारं उघडी होती, प्रत्येक घरात टीव्हीवर तेच दृश्य, आणि गॅस बंद करून बायका हात जोडून बसलेल्या. विसर्जन झालं तेव्हा रात्र पडली होती. त्याच आठवड्यात दारावर मासळी घेऊन येणाऱ्या मावशींपाशी विषय निघाला. टोपली उतरवत त्यांनी एवढंच सांगितलं, की त्या दिवशी पुनव होती. पुनवेला भर दुपारी पाणी भरतं आणि उतरायला संध्याकाळ होते. हे सांगायला त्यांना मोबाइल उघडावा लागला नाही. भिंतीवरची तिथी पुरली.

त्या दिवसापासून मी कॅलेंडर वेगळ्या नजरेनं बघते. जोडून सुट्टी शोधताना आपण सगळे लाल आकडे बघतो. २०२६ साली ते सोपंच आहे: १ मे, २ ऑक्टोबर आणि २५ डिसेंबर, तिन्ही शुक्रवारी. शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन दिवस, रजेचा अर्जही नको. पण समुद्रावर जायचं असेल तर त्या लाल आकड्याच्या आजूबाजूला बारीक अक्षरात छापलेली तिथीही वाचा. किल्ल्यात चालत जाता येईल की नाही, पोरांना पाण्यात कधी सोडायचं, रेवसची लाँच वेळेवर लागेल का, हे सगळं त्या बारीक अक्षरात असतं. हॉटेल बुक करण्याआधी ते बघावं, एवढ्याचसाठी हा लेख लिहिते आहे.

त्याआधी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. लालबाग-परळमधल्या बहुतेक घरांना कोकणात गाव आहे. गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात आपण जातोच. त्यामुळे घरात सहलीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतं, गावी जातोच की, मग वेगळं समुद्रावर कशाला? माझे वडील गिरणीत होते. वर्षातून एकदा गावी जायचे, आम्हीही जायचो. आई तिथे पहाटे उठून चूल पेटवायची आणि रात्री सगळ्यात शेवटी जेवायची. लोटणं-सारवणं, आल्या-गेल्याचं चहापाणी, देवाचं, भावकीचं. परतताना ती मुंबईहून गेली त्याहून दमलेली असायची. गावी जाणं हे नातं आहे, कर्तव्य आहे, आनंदही आहे. पण घरातल्या बाईसाठी ती सुट्टी नसते. म्हणून वर्षातून तीन दिवस तरी अशा ठिकाणी जा, जिथे तुमचं घर नाही आणि चूल दुसऱ्याची आहे.

ते ठिकाण म्हणून मी मुरूड सुचवते. रायगड जिल्ह्यातलं, अलिबागच्या दक्षिणेला साधारण ५० किलोमीटरवरचं. मालवण सुंदर आहे, पण तीन दिवसांतला जवळजवळ दीड दिवस गाडीत जातो आणि जोडून सुट्टीला कोकण रेल्वेचं आरक्षण कधीच भरलेलं असतं. अलिबाग जवळ आहे, पण लाल तारखेला अर्धी मुंबई तिथे उतरते. मुरूडपर्यंत पोहोचता पोहोचता गर्दी थोडी गळते. गाव मोठं नाही. रुंद पुळण, कडेनं माड आणि सुरू, समोर पाण्यात कासा म्हणजे पद्मदुर्ग, दक्षिणेला राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी जंजिरा. चालत फिरता येईल असं गाव आहे, आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायचं तर मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

आता तिथीचं गणित. किनाऱ्यावरचे लोक ते पिढ्यान्‌पिढ्या तोंडी करतात. तिथीचा आकडा घ्या, तिनानं गुणा, चारानं भागा. येईल तितक्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन. दुपारी तीनच्या सुमारास पाणी पूर्ण भरलेलं, त्याआधीची भरती पहाटे अडीचच्या आसपास, आणि दोन्हींच्या मध्ये, सकाळी पावणेनऊ-नऊला, पूर्ण ओहोटी. कोळी बोलीत ओहोटीला सुकती म्हणतात. शुक्ल असो की कृष्ण, प्रत्येक पक्षात मोजणी प्रतिपदेपासून पुन्हा सुरू करायची. पौर्णिमेला पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा येतात. प्रत्यक्षात अकरा ते बारा धरा. अमावास्येलाही तेच. रोज भरती सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, कारण चंद्रही रोज तितका उशिरा डोक्यावर येतो. हे गणित मुंबई आणि रायगडच्या किनाऱ्याला लागू पडतं; अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच. अचूक मिनिटं हवी असतील तर बंदराच्या भरतीचं वेळापत्रक आता मोबाइलवर मिळतं. पण तीन महिने आधी बेत आखताना तिथीच उपयोगी पडते.

यात आणखी एक बारकावा आहे आणि तो बहुतेकांना माहीत नसतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सूर्य आणि चंद्र एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते, म्हणून पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास ही ओढ काटकोनात असते, पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. तो भांग. त्यामुळे अष्टमीला बारा वाजता ओहोटी आहे म्हणून खूश होऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे निघालात, तरी वाटेवर पाणी असू शकतं. ओहोटी झाली तरी ती भांगाची ओहोटी. चालत जायला उत्तम दिवस म्हणजे तृतीया ते पंचमी, सकाळी आठ ते साडेनऊच्या सुमारास; किंवा द्वादशी-त्रयोदशी, दुपारी तीन ते पावणेचारच्या सुमारास.

द्वादशीबद्दल मी अनुभवानं बोलते. काही वर्षांपूर्वी अशाच एका द्वादशीला आम्ही कुलाबा किल्ल्यात गेलो. पूर्ण ओहोटी तीनला होती. आम्ही जेवून, आराम करून, चार वाजता निघालो. ओली वाळू, मधेमधे खडक, पोरं उड्या मारत पुढे. किल्ल्यात रघूजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं गणपतीचं मंदिर आहे, फार शांत. तिथे आम्ही बसून राहिलो. चारी बाजूंना खारं पाणी असताना किल्ल्याच्या आतल्या विहिरीला गोडं पाणी, त्याचं मुलांना कौतुक वाटलं. साडेपाचला दरवाज्याबाहेर आलो तर वाट नव्हती. गुडघाभर पाणी म्हणता म्हणता ते मांडीपर्यंत आलं, ओढ जाणवायला लागली, धाकटा घाबरून रडू लागला. शेवटी परत फिरलो आणि होडी मिळाली तेव्हा दिवस मावळला होता. चूक पूर्ण आमची होती. नियम साधा आहे: पूर्ण ओहोटीच्या एक तास आधी आत शिरायचं, ओहोटी होऊन एक तास उलटायच्या आत बाहेर पडायचं. मंदिरात कितीही मन रमलं तरी.

१ मे २०२६ चं उदाहरण करून बघू. त्या दिवशी बुद्धपौर्णिमा. म्हणजे भरती दुपारी अकरा-बाराला, ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाला आणि तशीच पहाटेलाही. शनिवारी प्रतिपदा, रविवारी द्वितीया. प्रत्येक दिवशी सगळं पाऊण-एक तास पुढे. उधाणाचे दिवस, म्हणून संध्याकाळी पुळण दूरवर उघडी पडेल, चालायला, शिंपले वेचायला सोनं. पण दुपारी बाराला, ऐन उन्हात, पाणी सुरूच्या झाडांकडे चढलेलं असेल. म्हणजे सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते सात समुद्र, मधला सगळा वेळ सावली. मे महिन्यात हेच योग्य.

जायचं कसं? लालबागकरांइतकं सोयीचं ठिकाण मुंबईत दुसऱ्या कुणाचं नाही, आणि तरी आपण ते वापरत नाही. काळाचौकीतून कॉटन ग्रीन स्टेशन गाठा. हार्बरवर दोन स्टेशनं पुढे डॉकयार्ड रोड, तिथून टॅक्सीनं किंवा पायी भाऊचा धक्का. भाऊ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य यांचं नाव या धक्क्याला आहे. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कितीतरी जण याच धक्क्यावर बोचकं घेऊन उतरले आणि गिरणीच्या वाटेला लागले. इथून रेवसची लाँच सुटते. तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो, तिकीट साधं, माणसं गावची, टोपल्या, कोंबड्या, सगळं सोबत. रेवसहून एसटी किंवा सहा आसनी रिक्षा अलिबागला नेते. मात्र रेवस बंदरात गाळ आहे. पाणी फार उतरलेलं असताना लाँच अडते, खोळंबते. म्हणून पुन्हा तिथी. भरतीच्या दोन तास आधी-नंतरची लाँच धरा. पौर्णिमेच्या दिवशी सकाळी दहाची लाँच उत्तम, संध्याकाळी सहाची वाईट.

त्याच धक्क्यावरून मार्च २०२० पासून मांडव्याला मोठी रो-रो बोटही जाते, तिच्यात मोटार घालता येते. वयस्कर माणसं, बाळ, सामान असेल तर हीच बरी. लाल तारखेचं आरक्षण मात्र आधी करा. गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या बोटींच्या तिकिटात पुढे अलिबागपर्यंतची बस धरलेली असते, हेही लक्षात ठेवा. साधारण जूनपासून ऑगस्ट संपेपर्यंत गेटवेच्या या बोटी बंद असतात, जंजिऱ्याच्या होड्याही. पावसाळ्यात मुरूड हिरवंगार असतं, पण तो वेगळा प्रवास आहे.

रस्त्यानं जायचं तर अटल सेतू शिवडीला सुरू होतो, म्हणजे लालबागच्या दारातच. १२ जानेवारी २०२४ ला खुला झालेला, २१.८ किलोमीटर लांबीचा हा पूल तुम्हाला उरणच्या बाजूला उतरवतो. पुढे पेण, वडखळ, कार्लेखिंड, अलिबाग. पुलावर दुचाकी आणि रिक्षाला बंदी आहे, हे मोटारसायकलवर निघणाऱ्या तरुण मुलांनी आधी ऐकावं. पूल कितीही झटपट ओलांडलात तरी पेण-वडखळला गाड्या तुंबतात. शुक्रवारी सकाळी सहाच्या आत शिवडी सोडा, नाहीतर सरळ बोट घ्या. परळ आणि मुंबई सेंट्रलहून एसटी आहेच. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. आजीचं आधार कार्ड आठवणीनं पिशवीत टाका.

निघताना चिवडा गल्लीतून अर्धा-अर्धा किलो चिवडा घ्या. वाटेत कामाला येतो, आणि ज्यांच्याकडे उतराल त्यांना दिलात तर लालबागची भेट म्हणून त्यांना खरंच आनंद होतो.

अलिबाग ते मुरूड हा रस्ता घाईनं कापू नका. आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा, मग कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल, पलीकडे कोर्लई, काशीद, नांदगाव आणि मुरूड. प्रत्येक ठिकाणी उतरायचं म्हणाल तर मुरूड रात्रीच दिसेल. दोन ठिकाणं निवडा. माझी निवड रेवदंडा आणि कोर्लई.

रेवदंड्याला पोर्तुगीजांच्या कोटाच्या भिंती आज माडांच्या वाड्यांमध्ये उभ्या आहेत, घरं, विहिरी, शेणानं सारवलेली अंगणं आणि मधेच चारशे वर्षांपूर्वीची कमान. जुन्या चौल बंदरात १४६९ साली अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी उतरला होता; त्याचं स्मारक रेवदंड्याला शाळेच्या आवारात आहे. १७४० मध्ये हा सगळा मुलूख मराठ्यांकडे आला. पुलापलीकडचा कोर्लई किल्ला एका लांब सुळक्यावर आहे, खाडीच्या तोंडाशी. पायथ्याशी दीपगृह आहे, तिथून पायऱ्यांनी वर जायला फार वेळ लागत नाही, पण ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी दीपगृहापाशीच बसावं; तिथूनही खाडी आणि समुद्र दोन्ही दिसतात. कोर्लई गावातल्या ख्रिस्ती कुटुंबांची घरातली बोली पोर्तुगीज आणि मराठीच्या मिलाफातून झालेली आहे. ते तिला 'नौ लिंग' म्हणतात, आमची भाषा. जगात फक्त या एका गावात, फार तर हजारभर लोकांच्या तोंडी असलेली भाषा, आणि आपण तिच्या दारावरून काशीदच्या वाळूकडे धावत जातो, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. दुकानात पाणी घ्यायला थांबा. कुणी बोलत असेल तर ऐका.

अलिबागला थांबणार असाल तर एक गोष्ट मुंबईकर म्हणून जाणून घ्या. तिथली चुंबकीय वेधशाळा १९०४ ची. आधी ती आपल्या कुलाब्याला होती. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे उपकरणांची मोजमापं बिघडणार, म्हणून ती खाडीपलीकडे हलवली. लालबाग-परळच्या रस्त्यांवरून ट्राम गेल्यालाही साठ वर्षं झाली. वेधशाळा तिथेच आहे.

दुसरा दिवस जंजिऱ्याचा. मुरूडहून राजपुरी चार-पाच किलोमीटर. सकाळी लवकर पोहोचा, कारण जोडून सुट्टीला दहानंतर धक्क्यावर रांग लागते आणि रांगेत सावली नाही. शिडाच्या होडीतून जा. वारा शिडात भरला की होडी जी कलते, ती मुलं आयुष्यभर विसरत नाहीत. किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, तटाच्या दोन बुरुजांमध्ये तो लपवलेला आहे. शत्रूला मारा कुठे करायचा हेच कळू नये, ही युक्ती. दरवाज्यापाशी दगडात कोरलेला वाघ बघा, त्याच्या पंजांत, जबड्यात, शेपटीत हत्ती आहेत. आत दोन मोठे गोड्या पाण्याचे तलाव, बुरुजावर कलालबांगडी तोफ. सिद्दींचा हा किल्ला शेवटपर्यंत कुणाला जिंकता आला नाही. शिवाजी महाराजांनी प्रयत्न केले, संभाजी महाराजांनी तर खाडीत भर घालून वाट करायला घेतली होती. शिवाजी महाराजांच्या वेळी तटाला शिड्या लावण्याचं धाडस करणारे लाय पाटील हे इथलेच कोळी. महाराजांनी पालखीचा मान दिला तेव्हा त्यांनी तो नम्रपणे नाकारला, दर्यात फिरणाऱ्याला पालखी काय कामाची, असं सांगतात. मग महाराजांनी त्यांना पालखी नावाचं गलबत दिलं. वाटाडे ही गोष्ट सांगतात, पण घाईत. होडीवाले परतीसाठी थोडाच वेळ देतात, म्हणून ही गोष्ट मुलांना आदल्या रात्री सांगून ठेवा. म्हणजे किल्ल्यात ती ऐकत बसायची गरज नाही, डोळ्यांनी बघायची.

होडीतून पायऱ्यांवर उतरणं हा या सहलीतला अवघड क्षण आहे. होडी वरखाली होते, दगड शेवाळानं निसरडे. पाणी चढलेलं असताना उतरणं सोपं जातं, उतरलेलं असताना अवघड. हात धरून, एकेकानं, रबरी तळव्याची चप्पल घालून. साडी नेसणाऱ्यांनी त्या दिवसापुरता पंजाबी ड्रेस घालावा. सत्तरीच्या पुढच्या माणसांना मी किल्ल्यात नेत नाही, राजपुरीच्या धक्क्यावर शहाळं हातात देऊन सावलीत बसवते, सोबतीला एक माणूस ठेवते. लाइफ जॅकेट मागून घ्या, दिलं नाही तर त्या होडीत बसू नका. १८ डिसेंबर २०२४ ला एलिफंटाला निघालेल्या बोटीला झालेला अपघात आपल्याच बंदरातला आहे. जॅकेट पोरांच्या मापाचं आहे का हेही बघा. मोठ्याचं जॅकेट लहानाच्या गळ्यातून निसटतं.

पाण्याबद्दल मला कडक बोलावंसं वाटतं. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून कॉलेजच्या सहलीला आलेली १४ मुलं याच मुरूडच्या समुद्रात बुडाली. पुळण सपाट, पाणी उथळ, लाटा लहान दिसतात, म्हणूनच माणूस फसतो. चढत्या पाण्यात लाट तुम्हाला किनाऱ्याकडे ढकलते. उतरत्या पाण्यात तीच तुमच्या पायाखालची वाळू काढून आत ओढते. म्हणून पोरांना पाण्यात सोडायचं ते ओहोटी संपून भरती लागल्यावरच्या पहिल्या दोन तासांत, आणि तेही गुडघ्याएवढ्या पाण्यात. भरती पूर्ण झाली की सगळे बाहेर. काशीदला तर पोहायला उतरूच नका. तिथली पांढरी वाळू डोळ्यांना कितीही बोलवू दे. जेवण झाल्यावर, दारू प्यायल्यावर, अंधार पडल्यावर समुद्र नाही. आणि मोटार पुळणीवर नेऊ नका; दर सुट्टीला कुणाची तरी गाडी वाळूत रुतते आणि भरती वर येते. तुम्हाला चुकीची वाटेल अशी कुठलीही गोष्ट गावातला माणूस सांगत असेल, तर त्याचं ऐका.

राहायला मुरूडमध्ये हॉटेलं आहेत, पण मी घरगुती राहणीच निवडते. वाडीत एक-दोन खोल्या, ओटीवर झोपाळा, मागे रहाटाची विहीर, जेवण घरातल्या बाईच्या हातचं. फोनवरच चार गोष्टी विचारून घ्या: खोली तळमजल्यावर आहे का, वीज गेली तर पंखा चालतो का, जेवणाची वर्दी किती वाजेपर्यंत द्यायची, आणि मासळीचा दर थाळीवर की नगावर. हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोच करू नका. मोठं पापलेट किंवा सुरमईची तुकडी नगावर असेल तर बिल दुप्पट होतं आणि मग जेवणाची चव बिघडते. संकष्टी किंवा गुरुवार मध्ये येत असेल तर तेही आधीच सांगा. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सोलकढी, एवढ्यावरही पोट तृप्त होतं.

मासळी खाणाऱ्यांनी इथे जिताड्याबद्दल विचारावं. पेण-अलिबाग पट्ट्यातल्या खाजणांचा हा मासा, आपल्या बाजारात कधीतरीच दिसतो. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर पोपटी चुकवू नका. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, कांदे, बटाटे भरून ते उपडं ठेवतात आणि भोवती पेंढा-गोवऱ्या पेटवतात. पाणी नाही, तेल नाही. मडकं फोडलं की जो वास येतो, त्यासाठी शेतात शाल गुंडाळून तासभर थांबायची तयारी ठेवा. मे महिन्यात पोपटी नसते, पण ताडगोळे असतात. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, तेव्हा ताजं म्हणून जे मिळेल त्याबद्दल आधी चौकशी करा.

तिसरा दिवस मोकळा ठेवा. हे सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे. आपल्याला वाटतं, आलोच आहोत तर फणसाडचं अभयारण्य बघू, दिघीला तरीतून जाऊ, श्रीवर्धन उरकू. फणसाडला शेकरू दिसतो, जंगल फार चांगलं आहे, पण त्यासाठी पहाट द्यावी लागते. त्यासाठी पुन्हा या. तिसऱ्या सकाळी मुरूडच्या पुळणीवर जा. पहाटे पाणी उतरलेलं असेल तर कोळी जाळी बघायला जातात, त्यांच्यापासून चार पावलं दूर उभं राहून बघा, फोटो काढायच्या आधी विचारा. पद्मदुर्गाचे कमळाच्या पाकळ्यांसारखे तट किनाऱ्यावरूनही ओळखू येतात. आईला खुर्ची टाकून द्या. माझी आई गेल्या खेपेला दोन तास काही न बोलता बसली होती. नंतर म्हणाली, मुंबईत पन्नास वर्षं राहिले, चौपाटीवर गेले ती विसर्जनाला. समुद्र बघायला म्हणून आज आले.

परतताना अलिबागच्या आसपास रस्त्यावर पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतील. गोडसर, कच्चाच भाकरीशी खावा असा हा कांदा उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. माळ हातात घेऊन बघा, वेणी घट्ट विणलेली आणि कांदे कोरडे असतील तर ती टिकते. चाळीत खिडकीला बांधून ठेवता येते. सुकी मासळी घेणार असाल तर सुकट आणि बोंबील दाबून बघा, ओलसर असतील तर नको, आणि दोन पिशव्यांत बांधा, नाहीतर लाँचमधला शेजारी नाराज होतो. कोरड्या खाऊची वेष्टणं, पाण्याच्या बाटल्या सगळं परत घेऊन या. ते भरतीत टाकलंत तर कुठेतरी किनाऱ्यावर परत येणारच.

आणि निघण्याआधी, घरी असतानाच, कॅलेंडरच्या त्या पानावर तीन गोष्टी पेनानं लिहून ठेवा: जायच्या दिवसाची भरती, जंजिऱ्याच्या दिवसाची भरती आणि रविवारी रेवसहून किंवा मांडव्याहून सुटणाऱ्या शेवटच्या बोटीची वेळ. या शेवटच्या बोटीच्या आधीची बोट धरायची, हे त्याखाली लिहा.